नाव प्रोसेसरचे, कारभार चिपसेटचा!

संगणक विकत घ्यायला गेलेला माणूस दुकानदाराला पहिला प्रश्न कोणता विचारतो? 'प्रोसेसर कोणता आहे?' दुकानदार छाती फुगवून सांगतो, 'आय फाइव्ह आहे साहेब!' मग रॅम किती, डिस्क किती, स्क्रीन किती इंची, एवढे विचारून झाले की व्यवहार उरकतो. मदरबोर्डवर चिपसेट कोणता आहे, हा प्रश्न शंभरात एखादाच विचारतो. आणि ज्याने विचारला त्यालाही 'त्याने काय फरक पडतो?' असे उलट ऐकवले जाते. वास्तविक फरक पडतो, मोठा पडतो, आणि त्याची किंमत गिऱ्हाइकाच्या खिशातून जाते. जयंतीच्या वर्गणीतून उरलेल्या पैशांत वस्तीतल्या अभ्यासिकेला दोन संगणक घेणारी मंडळे, मुलीच्या इंजिनिअरिंगसाठी पतसंस्थेचे कर्ज काढणारे पालक, फॉर्म भरून देण्याचे छोटे केंद्र चालवणारे तरुण, या सर्वांनी हा विषय समजून घेतला पाहिजे, असे आम्हाला वाटते.

चिपसेट म्हणजे काय? प्रोसेसर हिशेब करतो, हे सर्वांना माहीत आहे. परंतु त्या हिशेबाला लागणारा मजकूर डिस्कवरून आणणार कोण? कीबोर्डचे बटण दाबले गेले, हे प्रोसेसरला कळवणार कोण? यूएसबीला पेन ड्राइव्ह लावला, प्रिंटर जोडला, स्पीकर लावला, इंटरनेटची वायर खोचली, तर या सर्वांची ये-जा सांभाळणार कोण? संगणक बंद असतानाही तारीख-वेळ कोण चालू ठेवणार? मदरबोर्डवर जे नाण्याएवढे बॅटरीचे सेल दिसते, ते या घड्याळासाठीच असते, आणि हे घड्याळ आजच्या बहुतेक बोर्डांवर चिपसेटच्या पोटात असते. ही सगळी कामे चिपसेटची आहेत.

आमचे आयुष्य कोर्टाच्या आवारात जाते, म्हणून तिथलेच उदाहरण देतो. दाराबाहेरच्या पाटीवर नाव न्यायाधीशांचे असते. निकालही तेच देतात. परंतु शिरस्तेदाराने फाइल पुढे ठेवली नाही, नाझराकडून समन्स निघाले नाही, बेलिफाने ते बजावले नाही, तर न्यायाधीश कितीही विद्वान असोत, प्रकरण जागचे हलत नाही. मदरबोर्डवर प्रोसेसर हा न्यायाधीश आहे आणि चिपसेट हे कोर्टाचे कार्यालय आहे. कार्यालयात दोनच खिडक्या असतील, तर रांग लागणारच!

हा कारभार पूर्वी एका चिपकडे नव्हता. १९८१ साली आयबीएमचा पहिला पीसी आला, तेव्हा त्याच्या बोर्डवर या कामांसाठी वेगवेगळ्या चिप होत्या. ८२५९ ही चिप प्रोसेसरला 'इकडे लक्ष द्या' असे कळवायची. ८२३७ ही प्रोसेसरला मध्ये न घालता मजकूर थेट मेमरीत नेऊन ठेवायची. ८२५३ वेळ मोजायची आणि ८२५५ कीबोर्डसारखी कामे पाहायची. १९८० च्या दशकाच्या मध्यावर अमेरिकेतील चिप्स अँड टेक्नॉलॉजीज या कंपनीने अशा सुट्या चिपांचे काम मोजक्या मोठ्या चिपांत बसवले आणि त्यांचा संच विकायला काढला. संच म्हणून 'सेट'. यामुळे काय झाले? हा संच विकत घेऊन कोणताही कारखानदार आयबीएमशी जुळणारा बोर्ड बनवू शकला. तैवानमध्ये बोर्डांचा धंदा फोफावला आणि संगणक स्वस्त झाला. सामान्य माणसाच्या घरात संगणक आला, त्यात चिपसेटचा वाटा मोठा आहे. पुढे १९९७ मध्ये इंटेलने ही कंपनी विकत घेण्याचा करार केला.

१९९० च्या दशकात दोन चिपांची रचना रूढ झाली. प्रोसेसरला लागून असलेला तो नॉर्थब्रिज. मेमरी आणि ग्राफिक्स ही घाईची कामे त्याच्याकडे. त्याच्या खाली साउथब्रिज, ज्याच्याकडे डिस्क, यूएसबी, आवाज, कीबोर्ड ही त्या मानाने सावकाशीची कामे. १९९८ चा इंटेलचा ४४० बीएक्स हा चिपसेट जुन्या संगणक दुरुस्ती करणाऱ्यांना आजही आठवत असेल. त्या काळी इंटेलशिवाय तैवानच्या व्हिया, सिस, अली या कंपन्याही चिपसेट बनवत. आपल्याकडे २००० नंतर गल्लोगल्ली जे स्वस्त असेंबल केलेले संगणक आले, त्यांतल्या कितीतरी बोर्डांवर व्हिया नाही तर सिस हेच नाव असायचे. प्रोसेसर इंटेलचा, चिपसेट दुसऱ्याचा आणि बोर्ड तिसऱ्याचा, असा तो खुला बाजार होता.

हा बाजार बंद कसा झाला, ते पाहण्यासारखे आहे. २००३ साली एएमडीने अॅथलॉन ६४ मध्ये मेमरीचा कारभार प्रोसेसरच्या आतच घेतला. २००८ मध्ये इंटेलनेही तेच केले. २००९ मध्ये इंटेलच्या पी ५५ पासून सर्वसाधारण संगणकातला नॉर्थब्रिज संपला आणि एकच चिप उरली. तंत्राच्या दृष्टीने हे योग्यच होते, कारण मेमरी जवळ आली आणि वेग वाढला. परंतु त्यासोबत दुसरीही एक गोष्ट घडली. प्रोसेसर आणि ही उरलेली चिप यांना जोडणारा मार्ग खासगी झाला. त्या मार्गाचा परवाना ज्याच्याकडे नाही, त्याला चिपसेट बनवता येईना.

एनव्हिडिया ही कंपनी तेव्हा इंटेलच्या प्रोसेसरसाठी चिपसेट बनवत असे. फेब्रुवारी २००९ मध्ये इंटेल अमेरिकेतील डेलावेअरच्या कोर्टात गेली. आमच्यात झालेला जुना परवाना करार मेमरीचा कारभार पोटात घेतलेल्या नव्या प्रोसेसरांना लागू नाही, असे कोर्टाने जाहीर करावे, ही मागणी होती. एनव्हिडियानेही उलट दावा लावला. निकाल लागण्याची वाट बाजार पाहत नसतो! त्याच वर्षी एनव्हिडियाने इंटेलसाठी नवे चिपसेट बनवण्याचे काम थांबवले. जानेवारी २०११ मध्ये तडजोड झाली. इंटेलने पाच वर्षांत १५० कोटी डॉलर द्यायचे ठरले, पण चिपसेटच्या धंद्यात एनव्हिडिया परत आली नाही. दरम्यान अमेरिकेच्या व्यापार आयोगाने डिसेंबर २००९ मध्ये इंटेलविरुद्ध मक्तेदारीची तक्रार दाखल केली होती. ऑगस्ट २०१० च्या तडजोडीत, दुसऱ्यांची कार्डे जोडण्याचा पीसीआय एक्स्प्रेस हा मार्ग किमान सहा वर्षे खुला ठेवण्याची अट इंटेलवर घातली गेली. मदरबोर्डवरचा एक मार्ग खुला ठेवण्यासाठी सरकारी आयोगाला आदेश काढावा लागतो, यावरून या छोट्या चिपच्या जागेचे महत्त्व लक्षात यावे.

आज इंटेलच्या प्रोसेसरला इंटेलचाच चिपसेट लागतो आणि एएमडीच्या प्रोसेसरला एएमडीच्याच नावाचा चिपसेट लागतो. मग ज्याच्या हाती चिपसेट, त्याच्या हाती तुमच्या संगणकाचे आयुष्य. हे आम्ही उगाच म्हणत नाही. दोन उदाहरणे घ्या.

पहिले उदाहरण ऑक्टोबर २०१७ चे. इंटेलने आठव्या पिढीचे प्रोसेसर आणि त्यासोबत झेड ३७० हा चिपसेट आणला. प्रोसेसर बसवण्याचे सॉकेट तेच, १,१५१ टोकांचे. त्याच वर्षी जानेवारीत झेड २७० चे महाग बोर्ड घेतलेल्या लोकांना वाटले, नवा प्रोसेसर आणून बसवू. तो खाचेत बरोबर बसायचा, पण चालायचा नाही. वाढलेल्या कोअरना वीज पुरवण्याची रचना बदलली आहे, असे कंपनीचे म्हणणे होते. त्या म्हणण्यात तथ्य नव्हते असे नाही. परंतु काही जाणकारांनी बायोसमध्ये फेरफार करून जुन्या बोर्डवर हे प्रोसेसर चालवून दाखवले. मग अडचण विजेची किती आणि धोरणाची किती, हा प्रश्न गिऱ्हाइकाने विचारायचा नाही काय?

दुसरे उदाहरण मे २०२० चे. एएमडीने जाहीर केले की पुढच्या पिढीचे प्रोसेसर ५०० मालिकेच्या चिपसेटवरच चालतील. बी ४५० आणि एक्स ४७० चे बोर्ड घेतलेल्यांना वगळण्यात आले. बायोस साठवणाऱ्या चिपची जागा अपुरी आहे, हे कारण दिले गेले. परंतु एएम ४ सॉकेट २०२० पर्यंत चालवू, असे कंपनीने आधी सांगितले होते. त्या शब्दावर विसंबून ज्यांनी बोर्ड घेतले होते, ते जगभरातून एका सुरात बोलले. त्याच महिन्यात कंपनीने निर्णय फिरवला. २०२२ मध्ये तर त्याहून जुन्या ३०० मालिकेच्या बोर्डांनाही ५००० मालिकेचे प्रोसेसर चालवण्याची मुभा मिळाली. जे मे महिन्यात अशक्य होते, ते शक्य कसे झाले? गिऱ्हाईक गप्प बसले नाही म्हणून! चिपसेट कळणारे गिऱ्हाईक होते म्हणून ते बोलू शकले, हे विसरता येणार नाही.

चिपसेट बिघडला तर काय होते, याचाही दाखला आहे. ३१ जानेवारी २०११ रोजी इंटेलने स्वतःच जाहीर केले की सहाव्या मालिकेच्या चिपसेटमध्ये रचनेचा दोष आहे. प्रोसेसर उत्तम होता. परंतु डिस्क जोडण्याच्या सहा साटा पोर्टांपैकी चार पोर्ट काळाच्या ओघात कमजोर पडण्याची शक्यता होती. कंपनीने माल पाठवणे थांबवले. दुरुस्ती आणि बदलीचा खर्च सुमारे ७० कोटी डॉलर आणि बुडालेली विक्री सुमारे ३० कोटी डॉलर, असा अंदाज तिने दिला. कंपनीने दोष मान्य करून भरपाईची तयारी दाखवली, ही चांगलीच गोष्ट. पण विचार करा, ज्याच्या बिलावर फक्त 'कोअर आय फाइव्ह संगणक, नग १' एवढेच लिहिले असेल, त्याला आपला बोर्ड त्या दोषात येतो की नाही, हे कोणत्या कागदावरून कळणार?

आता आपल्या बाजाराकडे वळू. मुंबईचा लॅमिंग्टन रोड असो, पुण्याची तपकीर गल्ली असो, की तालुक्याच्या ठिकाणचे दुकान असो, स्वस्त संगणकांत एच ६१ हा चिपसेट वर्षानुवर्षे दिसत आला आहे. तो याच २०११ च्या मालिकेतला. त्यावर दुसऱ्या आणि तिसऱ्या पिढीचे प्रोसेसर चालतात. बोर्ड वेगळ्याच छापाचा आणि नवा कोरा, खोके नवे, आतला प्रोसेसर मात्र जुन्या संगणकातून काढलेला, असा माल 'आय फाइव्ह' म्हणून विकला जातो. आय फाइव्ह तर २००९ पासून आहेत! पिढी न सांगता नुसते 'आय फाइव्ह' सांगणे म्हणजे गाडीचे साल न सांगता नुसती कंपनी सांगण्यासारखे आहे.

एच ६१ मध्ये काय मिळते? रॅमच्या दोनच पट्ट्या बसतात. डिस्कचे पोर्ट जुन्या, अर्ध्या वेगाचे, त्यामुळे नवा एसएसडी घेतला तरी तो पूर्ण वेगाने धावत नाही. यूएसबी ३ ची सोय चिपसेटमध्ये नाही, बोर्डवाल्याने वेगळी चिप लावली तरच. आणि नावांचा गोंधळ पाहा. जानेवारी २०२२ मध्ये इंटेलने बाराव्या पिढीसाठी एच ६१० नावाचा चिपसेट आणला. एच ६१ आणि एच ६१०! एका शून्याचा फरक आणि मध्ये अकरा वर्षांचे अंतर. कोटेशनवर एक शून्य गळले, तर वर्गणी देणाऱ्यांचे पैसे कुठे गेले ते कळणारही नाही.

याचा परिणाम आज अधिक जाणवतो. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा सर्वसाधारण आधार संपला. विंडोज ११ साठी इंटेलचा, मोजके अपवाद सोडले तर, आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते. इंटेलच्या अनेक बोर्डांवर ही सोय चिपसेटमधल्या फर्मवेअरमधूनच मिळते. म्हणजे एच ६१ चा बोर्ड आज घेतला, तर अधिकृतपणे विंडोज ११ त्यावर बसत नाही. असा संगणक कचऱ्यात टाका, असे आमचे म्हणणे नाही. त्यावर लिनक्स घालून वाचन, टंकलेखन, फॉर्म भरणे ही कामे चालू शकतात. परंतु जुना माल जुना म्हणून, जुन्याच्या भावात आणि मर्यादा सांगून विकला पाहिजे. नव्याच्या नावाखाली विकणे ही फसवणूक आहे.

दुसऱ्या बाजूनेही फसगत होते. काही दुकानदार साध्या कामासाठी झेड मालिकेचा महाग बोर्ड गळ्यात मारतात. झेड मालिकेची खरी मातब्बरी प्रोसेसर ठरलेल्या वेगापेक्षा जास्त पळवण्यात आहे, आणि तेही खास 'के' अक्षराच्या प्रोसेसरवर. अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेचे व्हिडिओ पाहायला आणि अर्ज भरायला त्याची गरज काय? तिथे चालू पिढीचा एच किंवा बी मालिकेचा चिपसेट पुरतो. वाचलेल्या पैशात रॅम वाढवा, एसएसडी घ्या, यूपीएस घ्या. चिपसेटचा प्रश्न विचारल्याने पैसे वाचतातही, हे ध्यानात ठेवावे.

आता कायद्याचे बोलू. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ जुलै २०२० पासून लागू झाला. त्याच्या कलम २(९) मध्ये ग्राहकाचे हक्क सांगितले आहेत. वस्तूचा दर्जा, प्रमाण, क्षमता, शुद्धता, मानक आणि किंमत यांची माहिती मिळणे, हा त्यातला एक हक्क. कलम २(४७) नुसार जुनी, वापरलेली किंवा नूतनीकरण केलेली वस्तू नवी म्हणून दाखवणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिल न देणे हीसुद्धा त्याच कलमात येते. तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते. आपण राहतो तिथल्या जिल्हा आयोगाकडे ती करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. स्वतःच्या उपजीविकेसाठी स्वयंरोजगार म्हणून संगणक घेतलेल्या तरुणालाही हा कायदा ग्राहक मानतो, हे फॉर्म भरण्याचे केंद्र चालवणाऱ्यांनी लक्षात ठेवावे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

परंतु कायदा कागदावर चालतो. संगणकाच्या तक्रारी घेऊन आमच्याकडे लोक येतात, तेव्हा आम्ही प्रथम बिल मागतो. बहुतेकदा साध्या चिठ्ठीवर रक्कम लिहिलेली असते. बिल असले, तर 'संगणक संच' हे दोन शब्द! त्यात ना बोर्डचे नाव, ना चिपसेट, ना प्रोसेसरची पिढी. अशा कागदावर फसवणूक झाली हे दाखवायचे कसे? दुकानदार म्हणतो, 'मी हेच देणार होतो.' आणि आयोगासमोर त्याचे खोटे पाडायला काहीच हाती नसते.

म्हणून आमचे सांगणे सरळ आहे. संगणक घेताना पाच गोष्टी बिलावर लिहून घ्या. प्रोसेसरचा पूर्ण क्रमांक, नुसते 'आय फाइव्ह' नव्हे. मदरबोर्डची कंपनी आणि मॉडेल. चिपसेटचे नाव. प्रत्येक भाग नवा की वापरलेला. आणि प्रत्येक भागाची वॉरंटी. पैसे देण्यापूर्वी संगणक दुकानातच चालू करून घ्या. विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'सिस्टिम डिव्हाइसेस' उघडले, तर बहुधा चिपसेटचे नाव दिसते. सीपीयू-झेड हा मोफत प्रोग्राम प्रोसेसर, बोर्ड आणि चिपसेट तिन्ही दाखवतो. याला पाच मिनिटे लागतात. आपल्या वस्तीत आयटीआय, डिप्लोमा झालेली मुले-मुली आहेत. खरेदीला जाताना मंडळाच्या अध्यक्षांसोबत त्यांनाही घेऊन जा, आणि त्यांनी नाही म्हटले तर दुकानातून बाहेर पडा.

सरकारकडेही मागणी केली पाहिजे. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. दुरुस्तीच्या हक्कात सुटे भाग मिळणे येते, तसे 'हा बोर्ड किती वर्षे चालेल, त्यावर पुढचे कोणते प्रोसेसर बसतील, बायोस किती वर्षे मिळत राहील' हे आधी सांगणेही यायला हवे. औषधाच्या बाटलीवर मुदत छापायला लावता येते, तर मदरबोर्डच्या खोक्यावर ही माहिती छापायला लावता येणार नाही काय? आणि शाळा, वसतिगृहे, ग्रामपंचायती यांच्या संगणक खरेदीच्या निविदांत 'आय फाइव्ह किंवा समकक्ष' असे मोघम लिहिणे बंद झाले पाहिजे. पिढी आणि चिपसेट लिहिल्याशिवाय निविदा काढूच नये. मोघम निविदेत जुना माल घुसतो, आणि त्याचा तोटा सरकारी शाळेत आणि वसतिगृहात शिकणाऱ्या मुलांनाच होतो, कारण ज्यांच्या घरी पैसा आहे त्यांची मुले त्या संगणकावर बसत नाहीत.

आपल्या भागातील शाळेने, वसतिगृहाने अथवा ग्रामपंचायतीने गेल्या पाच वर्षांत कोणते संगणक घेतले, त्यांचे चिपसेट कोणते आणि दर काय लावले, याची माहिती माहिती अधिकार कायदा, २००५ खाली दहा रुपयांच्या शुल्कात मागता येते. वाचकांनी असा एक तरी अर्ज या महिन्यात टाकावा. अर्जात 'चिपसेटसह संपूर्ण तपशील' हे शब्द लिहायला विसरू नये.